राता कुणाच्या कणगीत?



आज आपण एका बियाण्याचा इतिहास ऐकणार आहोत. हे बियाणं म्हणजे खारं पाणी सोसणारं भात. अलिबाग, पेण, पनवेल, उरण या खारेपाटातल्या बायांना त्याची नवलाई नाही. काळा राता, भुरा राता ही नावं आपल्या आज्यांच्या तोंडी होती. पुढे विद्यापीठानं त्याच भुऱ्या रात्यापासून सुधारित वाण काढले आणि त्यांना पनवेल असं नाव दिलं. हे भात कसं लावायचं, ते तुम्ही मला शिकवाल. मी आज दुसराच प्रश्न घेऊन आले आहे. या बियाण्यामुळे किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याच्या घरात चार पैसे राहिले का? राहिले असतील तर नेमके कुणाच्या घरात राहिले? गटाच्या वहीत आपण जमा आणि खर्च लिहितो ना, तशीच ही शंभर वर्षांची वही उघडून बघू.

खार म्हणजे काय

ज्या बहिणी डोंगरपट्टीत राहतात, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. समुद्राचं पाणी भरतीला खाडीतून आत येतं आणि ओहोटीला परत जातं. त्या पाण्याच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. खाडीकाठच्या सखल जमिनीभोवती मातीचा बांध घालून भरतीचं पाणी बाहेर अडवतात. बांधात एक झडप असते, तिला आपण उघाडी म्हणतो. ओहोटी लागली की उघाडीतून शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जातं आणि भरती आली की झडप मिटते. बांधाआडच्या या जमिनीला खार म्हणतात. आपल्या कोकणात अशी खारी जमीन सुमारे ६५ हजार हेक्टर आहे.

या जमिनीत उन्हाळाभर मीठ वर येतं. काही ठिकाणी तर जमीन पांढरी दिसते. मृगाचा पाऊस पडला की मीठ धुऊन खाली आणि बाहेर जातं, मगच भात लावता येतं. भाताला खाराची खरी बाधा दोन वेळा होते. एक रोप कोवळं असताना आणि दुसरी फुलोऱ्यावर. पाऊस उशिरा आला तर रोप करपतं. भाद्रपदात पावसानं दडी मारली तर जमिनीतलं मीठ पुन्हा वर चढतं आणि लोंबी पोचट राहते. बांधाला खांड गेली, म्हणजे बांध फुटून खाडी आत आली, तर त्या वर्षीचं पीक तर जातंच, पण मीठ धुऊन निघायला पुढचे दोन-तीन पावसाळे लागतात. अशा जमिनीत शक्यतो एकच पीक निघतं. म्हणून खारेपाटातल्या घराचं वर्ष त्या एका पिकावर उभं असतं.

राता भाताचं मोल इथं कळतं. त्याचं रोप खाऱ्यात तग धरतं. दाणा लाल आणि जाडा, ताट उंच. ते लोळतं, उताराही कमी देतं आणि बाजारात पांढऱ्या बारीक तांदळासारखा भाव मिळत नाही. पण वाईट वर्षीसुद्धा ते घरात काहीतरी आणतं. खारेपाटात मोड आणलेलं बी चिखलात फेकून पेरण्याची रहू पद्धत आहे, तिलाही हे भात जुळवून घेतं.

बांध कुणाचा, घाम कुणाचा

आता जुन्या काळात जाऊ. खारी जमीन आपोआप तयार झाली नाही. माणसांनी डोक्यावर चिखलाची ढेकळं वाहून बांध घातले आणि खाडीकडून एकेक तुकडा मिळवला. हे काम मुख्यतः आगरी आणि इतर कष्टकरी समाजांनी केलं, आणि त्यात बाया होत्याच. पण बांधाला लागणारं भांडवल आणि सरकारदरबारची ओळख ज्यांच्याकडे होती, त्यांच्या नावावर खारी लागल्या. इंग्रजांच्या काळातल्या कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, सरकारी कागदांत शिलोत्री नावाची पद्धत दिसते. शिलोत्रीदारानं बाहेरचा बांध राखायचा आणि त्याबद्दल शेतकऱ्याकडून बिघ्यामागे ठरलेलं भात घ्यायचं. जिथं खोत होता तिथं कूळ जमीन कसायचं आणि पिकातला मोठा वाटा खोताला द्यायचं. त्याशिवाय वेठ होती, फुकटची कामं होती.

आता मी तुम्हाला एक हिशेब घालून दाखवते. हे आकडे समजण्यापुरते आहेत, कुठल्या पाहणीतले नाहीत. तुमच्या शेताचे आकडे घालून तुम्ही तो पुन्हा करा.

समजा एक एकर खार आहे. गोड्या जमिनीचं चांगलं बियाणं लावलं तर चांगल्या वर्षी १२ क्विंटल भात देतं, पण खार चढलेल्या वर्षी फक्त २. खारं सोसणारं बियाणं चांगल्या वर्षी १० देतं आणि वाईट वर्षी ७. २०२४-२५ सालचा साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता, तोच धरू. एकरी खर्च १३,८०० रुपये धरला तर तो ६ क्विंटल भाताइतका झाला.

पाच वर्षांत दोन वर्षं वाईट निघाली, तर गोड्या बियाण्याचे ४० क्विंटल होतात आणि खाऱ्याचे ४४. इथं खारं बियाणं सरळच पुढे आहे. पण पाचांत एकच वर्ष वाईट निघालं तर? गोड्याचे ५० क्विंटल आणि खाऱ्याचे ४७. म्हणजे नुसता उतारा मोजला तर गोडं बियाणं ३ क्विंटलनं, ६,९०० रुपयांनी जिंकलं.

पण घर उताऱ्यावर चालत नाही, ते हातात असलेल्या पैशावर चालतं. त्या एका वाईट वर्षी गोडं बियाणं लावलेल्या घरात २ क्विंटल आले आणि खर्च ६ क्विंटलांचा झाला. खड्डा ९,२०० रुपयांचा. हे पैसे दरमहा शेकडा ५ नं उचलले तर वर्षाचं व्याजच ५,५२० रुपये. पुढे असलेल्या ६,९०० रुपयांतले जेमतेम १,३८० उरले, आणि फेडायला दुसरं वर्ष लागलं तर तेही गेले. खारं बियाणं लावलेल्या घरात त्याच वर्षी खर्च निघून एक क्विंटल उरला. कर्ज नाही, व्याज नाही, गळ्यातलं मणी-मंगळसूत्र गहाण नाही. खारं सोसणाऱ्या भाताची खरी कमाई ही आहे. ते श्रीमंत करत नाही, पण घराला सावकाराच्या दारात जाऊ देत नाही.

आता याच हिशेबात खोताला बसवू. पिकाचा अर्धा वाटा खोताचा धरा. चांगल्या वर्षी १० तले ५ क्विंटल कुळाकडे राहिले, आणि खर्च तर ६ चा. वाईट वर्षी ७ तले साडेतीन राहिले. म्हणजे कूळ चांगल्या वर्षीही तोट्यात आणि वाईट वर्षीही तोट्यात. खोताला मात्र काही खर्च न करता दरवर्षी खंड मिळतो, आणि बियाणं खारं सोसणारं असल्यामुळे वाईट वर्षीही त्याचा वाटा बुडत नाही. बियाणं तेच, शेत तेच, पण त्यानं तारलं खोताला. कुळाचं कर्ज जरा कमी झालं, एवढंच.

चरीचा संप

ही गोष्ट खारेपाटातल्या माणसांना कळायला आजच्यासारखा कागद-पेन्सिलीचा हिशेब लागला नाही. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात मोठी सभा झाली. नारायण नागू पाटील हे पुढारी होते. सभेत ठरलं की खोताची जमीन कसायची नाही. चरी आणि आसपासच्या २५ गावांतल्या कुळांनी नांगर ठेवून दिला. हा संप थोडाथोडका नव्हे, १९३९ सालापर्यंत चालला. शेतकऱ्यांचा इतका लांब संप आपल्या देशात क्वचितच झाला असेल.

सहा वर्षं भात नाही म्हणजे काय, हे आपण बाया लगेच ओळखू. संप पुरुषांनी सभेत पुकारला, पण तो रोज सकाळी चुलीपुढे निभवावा लागला. लाकूडफाटा विकून, मजुरी करून, खाडीतलं जे मिळेल ते शिजवून घरं जगली. या संपाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पाठिंबा होता. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती पद्धत बंद करण्याचं विधेयक मांडलं. ते तेव्हा मंजूर झालं नाही, पण वारं फिरलं होतं. १९३९ साली कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. पुढे १९४८ चा कुळकायदा आला, १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवसापासून कसणारी कुळं जमिनीची मालक मानली जाऊ लागली.

आता आपल्या हिशेबातला खोत काढून टाका. वाईट वर्षीचे ७ क्विंटल पूर्ण घरात आले. त्याच बियाण्यानं तोट्यातलं घर तोट्याबाहेर काढलं. बियाणं बदललं नव्हतं, मालकी बदलली होती. म्हणून खाऱ्या भाताचा इतिहास सांगताना मी चरीचं नाव आधी घेते आणि संशोधन केंद्राचं नंतर.

पनवेलचे वाण

संशोधन केंद्राचं कामही लहान नाही. पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे. ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाखाली येतं. विद्यापीठाची स्थापना १९७२ ची. तिथल्या शास्त्रज्ञांनी गावोगावच्या रात्यातून चांगली ताटं निवडली. काळा राता १-२४ आणि भुरा राता ४-१० हे अशा निवडीतून पक्के केलेले वाण. दरम्यान १९६६ साली फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं आयआर ८ नावाचं बुटकं, भरपूर दाणे देणारं भात दिलं होतं. ते लोळत नव्हतं, पण खार त्याला सोसत नव्हता. भुरा राता आणि आयआर ८ यांचा संकर करून पनवेल १ हा वाण तयार झाला. पुढे पनवेल २ आणि पनवेल ३ आले. आजीच्या रात्याचा चिवटपणा आणि बुटक्या भाताचा उतारा एका ताटात आणण्याची ही खटपट होती.

यात शेतकऱ्याच्या कामाची एक गोष्ट आहे. हे वाण सरळ आहेत, संकरित म्हणून विकतात तशा जातीचे नाहीत. संकरित बियाणं दरवर्षी नवं घ्यावं लागतं, कारण त्याचं घरचं बी पुढच्या वर्षी तसंच निघत नाही. सरळ वाणाचं बी घरी राखता येतं. दोन-तीन वर्षांनी नवं शुद्ध बी आणून बदललं की झालं. म्हणजे बियाण्याचा खर्च आपल्या हातात राहतो. २००१ सालच्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं आपल्याला आपल्या शेतातलं बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचं बी एखाद्या नावाचा छाप मारून विकता येत नाही, तेवढी अट लक्षात ठेवा.

बी हरवलं तर

बी घरात असण्याचं महत्त्व बंगालमधल्या बहिणींकडून शिकावं. सुंदरबन म्हणजे गंगेच्या मुखाशी खाड्यांनी वेढलेली बेटं. तिथंही शेतं बांधाआडच आहेत. २५ मे २००९ रोजी आयला चक्रीवादळ आलं, बांध फुटले आणि भाताच्या शेतांत समुद्र शिरला. त्याआधीच्या वर्षांत बहुतेक घरांनी जास्त उताऱ्याचे नवे वाण धरले होते. वादळानंतर खाऱ्या जमिनीत ते उभे राहिनात. खारं सोसणारी जुनी भातं लोक शोधू लागले, तेव्हा त्यांचं बी मोजक्याच घरांत उरलं होतं. कित्येक घरांतली कर्ती माणसं कामासाठी दूरच्या शहरांत गेली. एका जातीचं बी हरवलं तर घरातलं माणूस गाव सोडतं, इतका मोठा हा व्यवहार आहे.

आपल्याकडेही वादळं आली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, ते नेमकं पेरणीच्या तोंडावर. म्हणून सगळ्या खाचरांत एकच वाण लावू नये आणि खारं सोसणारं थोडं तरी बी प्रत्येक वाडीत असावं, हे मी कळकळीनं सांगते.

भात की कोळंबी

आता थोडं दक्षिणेला जाऊ, कारण तिथं आपला उद्याचा प्रश्न आजच उभा आहे. गोव्यात खारीला खाजण म्हणतात आणि उघाडीला मानस. तिथलं खारं सोसणारं भात म्हणजे कोरगुट. जुन्या गोव्यातल्या केंद्रीय संशोधन संस्थेनं कोरगुटातून निवड करून गोवा धान १ आणि गोवा धान २ हे वाण दिले. केरळमध्ये एर्नाकुलम आणि आसपासच्या जिल्ह्यांत पोक्कळी भात होतं. पावसाळ्यात भात आणि भात निघालं की त्याच शेतात कोळंबी, अशी त्यांची जुनी रीत. भाताचं तूस-कुसळ कोळंबीला खाद्य होतं आणि कोळंबीची घाण भाताला खत होते. जगभरच्या शास्त्रज्ञांनी खारं सोसण्याचा गुण नव्या भातांत आणण्यासाठी हेच पोक्कळी वापरलं आहे.

पण दोन्हीकडे एक ओढाताण आहे. मासळी आणि कोळंबीला रोख पैसा जास्त. ज्याच्या हातात उघाडीचा किंवा कोळंबीचा ठेका, त्याला खारं पाणी आत हवं असतं. ज्याचं भात उभं आहे, त्याला ते बाहेर हवं असतं. ठेक्याचा पैसा जमीनमालकाला आणि ठेकेदाराला मिळतो. भातलावणी, बेणणी आणि कापणीची मजुरी मात्र बायांची असते आणि शेत पाण्याखाली राहिलं की ती बुडते. हिशेबाच्या वहीत मालकाचं उत्पन्न वाढलेलं दिसतं आणि मजूर बाईचे पन्नास-साठ दिवस गेलेले कुठेच लिहिले जात नाहीत.

आपल्या खारेपाटात शेततळ्यात जिताडा पाळायची चाल आहेच, आणि ती चांगली आहे. घरच्या तळ्यात पावसाचं पाणी साठतं, मासा मिळतो आणि काठावर चार भाज्या होतात. भातासोबत मासा असावा, त्याला माझी ना नाही. पण भात मोडून सगळी खार कोळंबीला द्यायची वेळ आली, तर ग्रामसभेत बायांनी एक प्रश्न नक्की विचारावा. या ठेक्यात मजुरी कुणाची जाते आणि तिला काय मिळणार?

बियाणं बांधाची जागा घेत नाही

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. खारं सोसणारं भात म्हणजे समुद्राच्या पाण्यात वाढणारं भात नव्हे. बांध फुटून भरती रोज शेतात येऊ लागली तर राताही जगत नाही आणि पनवेलही नाही. बांध नीट असेल, उघाडी मिटत असेल, तरच बियाण्याचा गुण कामाला येतो.

पूर्वी बांध राखणं हे गावाचं सामाईक काम होतं. घरटी माणूस बांधावर जायचं. १९४८ साली मुंबई सरकारनं खार जमिनींचा कायदा केला, त्यानंतर मंडळ नेमलं गेलं आणि सरकारी खर्चानं मोठे बांध होऊ लागले. १९७९ मध्ये महाराष्ट्र खार जमीन विकास कायदा आला आणि योजनांची जबाबदारी राज्य सरकारकडे गेली. यानं मोठे बांध पक्के झाले, हा फायदा खरा. पण गावाची बांधावरची रोजची नजर हळूहळू कमी झाली, हेही खरं. भर पावसात लहान भोक पडतं तेव्हा दोन टोपल्या चिखलानं काम भागतं. अर्ज, पाहणी, अंदाजपत्रक आणि निधी येईपर्यंत त्या भोकाची खांड होते. मग दोन वर्षं शेत पडीक राहतं, त्यात तिवरं उगवतात, आणि तिवरं तोडायला कायद्यानं मनाई आहे. शेत कागदावर राहतं आणि कणगीतून जातं.

पडीक जमिनीचा आणखी एक तोटा होतो. मुंबई जवळ असल्यामुळे पनवेल, उरण, पेण भागातल्या जमिनींवर शहराची, बंदराची आणि कारखान्यांची नजर गेली पन्नास वर्षं आहे. विकत घेणारा आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ही तर खारट, नापीक जमीन." जिथं दरवर्षी भात उभं राहतं, सातबाऱ्यावर पीकपाहणी नोंदवलेली असते, तिथं हे वाक्य टिकत नाही. खारं सोसणारं भात क्विंटलमागे जे देतं ते देतंच, शिवाय जमीन पिकाऊ असल्याचा पुरावा देतं. विकायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण नापीक म्हणून मातीमोल जाऊ देऊ नये.

बायांच्या नावाचं काय

चरीच्या संपानं आणि नंतरच्या कायद्यांनी जमीन कसणाऱ्याच्या नावावर झाली. पण ते नाव बहुतेक घरांत पुरुषाचं लागलं. बी निवडणारी, राखणारी, लावणारी, कापणारी बाई सातबाऱ्यावर नाही. त्यामुळे खांड गेल्यावर नुकसानभरपाई येते ती तिच्या खात्यात येत नाही. पीकविमा, पीककर्ज, अनुदान यांचंही तसंच. नवरा मुंबईला कामाला किंवा वारलेला असेल, तर फेऱ्या तिच्या आणि सही दुसऱ्याची. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेनंतर १९९२ साली राज्य सरकारनं पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. २००५ सालच्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला. हे दोन्ही कागद आपल्या कामाचे आहेत, ते वापरले पाहिजेत.

मघाच्या हिशेबातून खोत गेला तेव्हा कूळ उभं राहिलं. बाईचं नाव सातबाऱ्यावर आलं तर त्याच ७ क्विंटलांतून मुलीची फी जाईल की नाही, दवाखान्याला पैसे राहतील की नाही, हे ठरवताना तिचा शब्द धरला जाईल.

गटानं काय करावं

शेवटी कामाचं सांगते. यातली चार कामं कुठलाही गट या हंगामात सुरू करू शकतो.

पहिलं काम बियाण्याचं. वाडीतल्या जुन्या मावश्यांकडे कुठल्या भाताचं बी आहे, ते विचारून वहीत लिहा. दोन-तीन घरांनी राता आणि पनवेल यांचं बी गटाच्या नावानं राखावं. अकोले तालुक्यातल्या पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी घरातूनच बियाण्यांची बँक उभी केली, मग आपल्याला काय अवघड आहे? पेरण्याआधी बियाण्याला मिठाचं पाणी द्यायला विसरू नका. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाका, ढवळा. पोचट बी वर तरंगतं, ते काढून टाका. तळाचं जड बी चांगल्या पाण्यानं दोनदा धुऊन सावलीत सुकवा.

दुसरं काम बांधाचं. उधाणाची तिथी बायांना पाठ असते. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीनंतर दोघींनी बांध आणि उघाडी बघून यायची आणि वहीत नोंद करायची. भोक दिसलं की तारीख टाकून ग्रामपंचायतीला लेखी द्यायचं आणि पोच घ्यायची. नंतर भरपाई मागताना हा कागद बोलतो.

तिसरं काम कर्जाचं. खाराचं वर्ष आलं तर सावकाराच्या ५ टक्क्यांऐवजी गटाचे २ टक्के पडावेत, म्हणून थोडा निधी वेगळा ठेवा. मघाच्या ९,२०० रुपयांवर गटाचं वर्षाचं व्याज २,२०८ रुपये होतं आणि तेही आपल्याच गटात राहतं.

चौथं काम नावाचं. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं घरच्या जमिनीचा सातबारा घेऊन यायचा आणि मोठ्यानं वाचायचा. आपलं नाव आहे का, पिकाची नोंद खरी आहे का, जमीन पडीक दाखवली आहे का, एवढं बघायचं. जे चुकलं असेल त्याचा अर्ज त्याच बैठकीत लिहायचा.

आपल्या आज्यांनी राता राखला म्हणून शास्त्रज्ञांना पनवेल करता आलं. चरीच्या माणसांनी सहा वर्षं नांगर ठेवला म्हणून कुळाचं भात कुळाच्या कणगीत आलं. आता त्या कणगीवर बाईचं नाव लागायचं राहिलं आहे, आणि ते काम आपल्या वाट्याचं आहे.

बैठकीत सातबारा वाचल्यावर काय आढळलं, ते कार्यक्रमाला जरूर कळवा.